केरसुणीचा दोष

आमच्या वाईच्या घरात दुपारची पानं मांडण्याआधी अण्णा वैश्वदेव करायचे. तांब्याचं ओंजळभर कुंड, गोवरीचे दोन तुकडे, तूप, आणि नुकत्याच उतरवलेल्या भाताची शितं. काम पाच-सात मिनिटांचं, पण शाळेतून भुकेजून आलेल्या मला ते फार लांबायचं. धुरानं डोळे चुरचुरायचे. एकदा वैतागून विचारलं, हे रोज रोज कशासाठी? अण्णा म्हणाले, "आपल्या घरात पाच खाटीकखाने आहेत. त्यांचा हिशेब द्यायला नको?"

आई आतून ओरडली, "जेवायच्या वेळी काय बोलता!" पण अण्णा थट्टा करत नव्हते. धर्मशास्त्रात याला पंचसूना म्हणतात. सूना म्हणजे जीव मारायची जागा. चूल, जातं, उखळ, केरसुणी आणि पाण्याचा घडा या पाच जागी गृहस्थाच्या हातून रोज बारीकसारीक जीव मरतात, आणि त्याचा दोष त्याला लागतो. वैश्वदेव त्यासाठी. चूल, जातं, उखळ हे मला तेव्हाही पटलं. केरसुणी आणि घडा मात्र पटेनात. ती तर स्वच्छतेची साधनं. झाडलं, धुतलं, तर दोष कसला?

याचं उत्तर मला पुढे मैलापाण्यात सापडलं.

मी रसायनशास्त्रात बीएस्सी झाले आणि पुण्याकडच्या एका शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात, प्रयोगशाळेत लागले. तिथे ३१ वर्षं काढली. शहराचं सांडपाणी आधी जाळ्यांतून यायचं, मग गाळाच्या टाक्यांत, मग हवा सोडलेल्या टाक्यांत. तिथे जिवाणूच मैला खाऊन टाकतात. शेवटच्या टाकीवर येईतो पाणी काचेच्या पेल्यात धरून दाखवण्याइतकं नितळ व्हायचं. पण त्यात रोगजंतू असतातच. म्हणून शेवटी क्लोरीन, एका लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम, आणि टाकीत अर्धा तास मुक्काम. मग नाला, नाल्यातून नदी.

क्लोरीन यायचा ९०० किलोंच्या आडव्या लोखंडी टाकीतून. तिला सगळे टनर म्हणतात. गळती शोधायची पद्धत मोठी सुंदर आहे. काठीला कापसाचा बोळा, तो अमोनियात बुडवायचा आणि व्हॉल्व्हच्या, सांध्यांच्या कडेनं फिरवायचा. जिथे क्लोरीन निसटत असेल तिथे पांढरा धूर उठतो. हे काम आमचे जुने ऑपरेटर करायचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मामा काठी फिरवत असले की मला अण्णांचं कुंड आठवायचं. २२ एप्रिल १९१५ला ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी हाच वायू वाऱ्यावर सोडला होता. आम्ही तो पाण्यात सोडायचो आणि रजिस्टरात 'निर्जंतुकीकरण' असं लिहायचो.

आता गोम अशी की क्लोरीन निवड करत नाही. जंतूंना भिडतो तसाच पाण्यात जे जे असेल त्या सगळ्याला भिडतो. मैलापाण्यात युरियापासून झालेला अमोनिया भरपूर असतो. क्लोरीन आधी त्याला धरतो आणि क्लोरामिनं होतात. पाचोळा कुजून, शेण-मैला कुजून आलेली सेंद्रिय द्रव्यं असतात. त्यांच्याशी जुळून क्लोरोफॉर्म आणि त्याचे भाऊबंद तयार होतात, ज्यांना ट्रायहॅलोमिथेनं म्हणतात. शिवाय हॅलोॲसेटिक आम्लं. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमीनवाली भावंडं, आणि ती सहसा जास्त विषारी. क्लोरामिनांपासून एनडीएमए नावाचं एक द्रव्य होतं. कर्करोगाच्या बाबतीत त्याच्यावर फार संशय आहे. ॲसिडिटीवरच्या रॅनिटिडीनच्या गोळ्या २०१९मध्ये बऱ्याच देशांत बाजारातून काढून घेतल्या, त्या याच्याचमुळे. गंमत म्हणा किंवा काही म्हणा, रॅनिटिडीन पोटातून लघवीत, लघवीतून गटारात गेलं आणि तिथे त्याला क्लोरामिन भेटलं, तर त्यातूनही एनडीएमए होऊ शकतं. प्रयोगशाळेत ते दाखवून झालं आहे.

यातलं काहीही टनरमध्ये नसतं, आणि आलेल्या मैलापाण्यातही जवळजवळ नसतं. ते शुद्ध करण्याच्या क्रियेतच जन्माला येतं. ही गोष्ट मला समजली त्या दिवशी मी चहा घ्यायची विसरले होते.

आणि ही समजायलाही जगाला वेळ लागला. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात १९०८ला डॉ. जॉन लील यांनी क्लोरीन घालायला सुरुवात केली, त्यावरून कोर्टकज्जे झाले, मग जगभर पद्धत पडली. पण क्लोरीन घातलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म आपोआप होतो हे रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनज्ञ योहानेस रूक यांनी मांडलं ते १९७४ला. मधली ६६ वर्षं लोक तो पीत होते. पुढे १९७९ला अमेरिकेनं पिण्याच्या पाण्यातल्या ट्रायहॅलोमिथेनांना लिटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, नंतर ती ८०वर आणली. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या २०१२च्या मानकात क्लोरोफॉर्मसाठी लिटरला ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. मैलापाण्याचं मात्र वेगळं. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी २०१७ला जी अधिसूचना निघाली तिच्यात पीएच, बीओडी, तरंगते घनपदार्थ आणि फीकल कॉलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतले जिवाणू, एवढंच विचारलेलं आहे. म्हणजे काय घालवलं ते सांगा, काय केलंत ते कोणी विचारत नाही.

तरणतलावाचा वास आठवा. तो नाकात गेला की आपण म्हणतो, वा, क्लोरीन चांगला घातलाय, पाणी स्वच्छ आहे. तो वास नुसत्या क्लोरीनचा नसतोच. पोहणाऱ्यांचा घाम आणि लघवी क्लोरीनला भेटली की क्लोरामिनं होतात, बहुतेक त्यांचा तो वास. ज्याला आपण स्वच्छतेचा वास म्हणतो तो आपल्याच घाणीचा असतो. हे मी एकदा आईला सांगितलं. तिनं पदर नाकाला लावला.

आईबद्दल सांगायला हवं. आई कडक सोवळ्याची. 'कावळा शिवला' की चार दिवस मी ओसरीच्या कोपऱ्यात, माझं ताट वेगळं, माझी सतरंजी वेगळी. पाचव्या दिवशी न्हाऊन आत. पुढे नोकरी लागल्यावर सुटीला घरी गेले की दारातूनच हुकूम, "आधी मोरीत जा." कारण मी गटारातून आलेली. मी तिच्यावर चिडायचे, आणि पाणीही अंगावर घ्यायचे. आता वाटतं, आईच्या आणि अण्णांच्या शुद्धीत फरक होता, आणि तो माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली. आईच्या लेखी सोवळं नेसलं की ती शुद्ध झाली, हिशेब मिटला. जे ओवळं ते बाहेर, ओसरीवर, कोणाच्या तरी अंगावर. अण्णा मात्र झाडलोट, धुणीपुसणी झाल्यावर रोज दुपारी कबूल करायचे की या साफसफाईतही आपल्या हातून काही झालं आहे. अण्णा काही सुधारक नव्हते. मला ओसरीवर बसवलं तेव्हा ते एका शब्दानं बोलले नाहीत. पण ती कबुली त्यांच्याकडे होती.

आमचे मामा दर वर्षी २० मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, महाडला जायचे. एका वर्षी त्यांनी चवदार तळ्याचं पाणी बाटलीतून आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "मॅडम, बघा तरी काय आहे ते." मी पीएच बघितला, कडकपणा बघितला, तळ्याच्या पाण्यात असावं तसंच सगळं. मामांना आकडे नकोच होते. ते म्हणाले, "१९२७ला आमची माणसं पाणी प्याली, मग सवर्णांनी तळं शुद्ध केलं. १०८ घागरी. शेण, गोमूत्र, दूध, दही. मॅडम, तुमच्या मशीनला विचारा, शेण टाकल्यावर कॉलिफॉर्म किती वाढत असतील?"

मी हसले नाही, कारण मामा हसत नव्हते. मशीन नव्हतंच, आम्ही नळकांड्या लावून एमपीएन, म्हणजे जंतूंचा अंदाजी आकडा, काढायचो. पण उत्तर मला ठाऊक होतं. गाईच्या शेणात फीकल कॉलिफॉर्म खच्चून असतात. ज्याच्यावरून आमची प्रयोगशाळा पाणी दूषित ठरवते तेच त्यांनी शुद्धीसाठी ओतलं होतं. बरं, त्या शुद्धीतून जे निपजलं ते पाण्यात राहिलंच नाही, ते माणसांवर गेलं. त्या तळ्याचा हक्क शाबीत करायला मग मुंबई हायकोर्टापर्यंत जावं लागलं आणि १९३७ उजाडलं. पावित्र्याचं हे उपउत्पादन कोणत्याही मानकात बसत नाही.

माशांची गोष्ट आता सांगते, कारण ती टाळत आले.

वरून पाहणी यायची होती. कॉलिफॉर्मचा निकाल यायला दोन दिवस तरी लागतात, त्यामुळे डोस बरोबर होता की नाही हे कळेपर्यंत ते पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. आमचे साहेब म्हणाले, धोका नको, दुप्पट करा. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. हे मी साहेबांवर ढकलणार नाही. मान माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याच्या तोंडापासून खाली चांगल्या अंतरापर्यंत मासे उताणे होते. बोटाएवढे मळे, काही तिलापिया. दोन पोरं टोपलीत भरत होती. मी ओरडून त्यांना टाकायला लावले, आणि ती पळून गेल्यावर किती तरी वेळ तिथेच उभी राहिले. पाहणी झाली. आमचा कॉलिफॉर्मचा आकडा उत्कृष्ट आला.

यातही एक तपशील आहे तो मला सोडत नाही. जंतुपरीक्षणासाठी नमुना घ्यायच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. आम्ही त्याला हायपो म्हणतो. पाणी बाटलीत आलं की उरलेला क्लोरीन तिथेच थांबावा, बाटलीत आणखी मारत बसू नये, म्हणून. म्हणजे माझ्या बाटलीतल्या पाण्याला हायपो मिळत होता. नाल्यातल्या पाण्याला नाही. घरी फिशटँक असणाऱ्यांना हे माहीत असतं, ते नळाच्या पाण्यात हायपोचे खडे टाकतात. आपल्या नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असायला हवा, तर ते पाणी आपल्याला सुरक्षित. गोड्या पाण्यातल्या जीवांना दीर्घकाळ सोसेल म्हणून अमेरिकेनं जो आकडा धरला आहे तो ०.०११. आपल्याला जे कमीत कमी हवं ते त्यांना सोसेल त्याच्या १८ पट.

हे वाचून कोणी म्हणेल, मग क्लोरीन बंद करा. तसं म्हणणाऱ्यानं पटकी पाहिलेली नसते. मीही नाही पाहिली, पण माझ्या आजीनं पाहिली होती. एका आठवड्यात वाड्यातली चार माणसं. तेव्हा गावागावांतून मरीआईचा गाडा निघायचा. देवीची पूजा करायची, तिला गाड्यात बसवायचं आणि गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेबाहेर ढकलायचा. रोग गेला, म्हणजे पुढे गेला. पंढरपूरच्या वारीबरोबर पटकी गावोगाव पसरायची, ती थांबण्यात विहिरींत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरीचा मोठा वाटा आहे. आजही आषाढीच्या आधी पालखीच्या वाटेवरच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे तीच ब्लीचिंग पावडर, पडते आणि आरोग्यसेविका नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घेऊन पिवळा रंग उमटतो का ते बघते. तो पिवळा रंग मला अजून सुंदर दिसतो.

पेरू देशात १९९१ला पटकी आली, ३ लाखांवर माणसं आजारी पडली, ३ हजारांच्या आसपास मेली. तेव्हा एक कथा पसरली की क्लोरीनच्या उपउत्पादनांना भिऊन तिथल्या अधिकाऱ्यांनी क्लोरीन बंद केला होता. आम्हाला एका प्रशिक्षणात ती ठासून सांगितली होती. नंतर ज्यांनी खोलात जाऊन पाहिलं त्यांना फुटके नळ, मोडकळीला आलेली यंत्रणा, पैशाचा खडखडाट हीच कारणं मोठी दिसली. पण कथा मात्र टिकली, कारण ती सोयीची आहे. उपउत्पादनांचं नाव काढलं की पटकी दाखवायची, म्हणजे बोलणं संपतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की उपउत्पादनं कमी करण्याच्या नादात निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका. बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ उपउत्पादनं नाहीत असा होत नाही.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे, फक्त विषय पाण्याचा नव्हता. यज्ञात पशू मारला तर पाप लागतं का? मीमांसक म्हणाले, नाही. हिंसा करू नये हा सामान्य नियम, यज्ञात पशू द्यावा हा विशेष. विशेषानं सामान्याचा बाध होतो, दोष उरत नाही. सांख्यांना हे मान्य नव्हतं. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, अगदी दुसऱ्याच कारिकेत, वैदिक उपायांवर अशुद्धीचा ठपका ठेवला आहे. त्यावर वाचस्पती मिश्रांनी जे लिहिलं ते अण्णांनी मला एका उन्हाळ्यात समजावलं होतं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तरुणपणी कानावर पडलेलं ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. वाचस्पतींचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन वाक्यांत भांडणच नाही, मग बाध कसला? हिंसेनं पाप लागतं हे एक वाक्य. पशूनं यज्ञ पुरा होतो हे दुसरं. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. त्याच कृतीनं यज्ञही साधतो आणि करणाऱ्याला दोषही चिकटतो.

नाल्याच्या काठावर मला जी गोष्ट सांगता येत नव्हती ती हीच. आमचे साहेब मीमांसक होते. नियमाप्रमाणे आकडा आला, दोष नाही. नंतर क्लोरीनच नको म्हणणारे काही कार्यकर्ते आले, तेही उलट्या बाजूनं मीमांसकच. दोष आहे ना, मग यज्ञ बंद. मला मात्र सांख्य जवळचे वाटले. क्लोरीननं खालच्या गावातल्या पोरांची हगवण टळली आणि क्लोरीननं मासे मेले. पहिल्यानं दुसरं पुसलं जात नाही.

एका ठिकाणी मात्र वाचस्पती मला अपुरे वाटतात. त्यांच्या हिशेबात स्वर्गाचं सुख आणि त्यातला चटका एकाच माणसाच्या वाट्याला येतात. ज्यानं यज्ञ केला त्यानंच सोसायचं. आमच्या केंद्रात पुण्य शहराला मिळायचं आणि चटका नाल्यातल्या माशाला, मॅनहोलमध्ये उतरणाऱ्याला, खालच्या गावाला. मरीआईच्या गाड्यासारखं. शिवेपर्यंत आपण, पुढचं पुढच्यांनी बघावं.

माशांनंतर मी लॉगबुकात शेऱ्याच्या रकान्यात रोज एक ओळ लिहायला लागले. आउटलेटला उरलेला क्लोरीन किती, आणि नाल्यात हालचाल दिसली की नाही. पेन्सिलनं लिहायचे, कारण छापील नमुन्यात त्यासाठी जागा नव्हती. एका साहेबांनी खोडायला सांगितलं. खोडरबर घेऊन मामाच पुढे झाले आणि खोडताना इतक्या हलक्या हातानं खोडलं की सगळं वाचता यायचं.

अण्णांना माशांचं सांगितलं तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते. वैश्वदेव चालूच होता, हात थरथरायचे म्हणून मी शेजारी बसले होते.

"तुमच्या शास्त्रात याला प्रायश्चित्त नाही?" त्यांनी विचारलं.

"आहे. सोडियम बायसल्फाइट. बाहेर सोडण्याआधी टाकलं की उरलेला क्लोरीन संपतो."

"मग टाकत का नाही?"

"बजेट नाही, अण्णा."

ते इतके हसले की ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "आणि ते टाकलं की निर्दोष?"

"जास्त पडलं तर पाण्यातला ऑक्सिजन खातं. आणि आधीच झालेला क्लोरोफॉर्म तसाच राहतो."

"मग?"

"मग पाण्यात हवा सोडायची. ऑक्सिजन भरून निघतो, क्लोरोफॉर्मही बराचसा उडून जातो."

"उडून कुठे?"

"हवेत."

"आणि हवा सोडायला काय लागतं?"

"वीज."

"कुठली?"

"कोयनेची असेल."

माझ्या आत्याचं सासर कोयनेच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. ते आम्ही दोघंही बोललो नाही. अण्णांनी पुन्हा शितं उचलली. आहुत्या किती हे मला लहानपणापासून पाठ होतं. त्या दिवशी एक शीत जास्त पडलं. हात थरथरला म्हणून की मुद्दाम, ते मी विचारलं नाही. आतून आई म्हणाली, "आटपा आता, भात निवला."